यलो अलर्ट आला, आता करायचं काय? मार्च-एप्रिलमधला आठवड्याचा हवामान अंदाज असा वाचा

'राज्यावर पुन्हा अवकाळीचं सावट, पुढचे चार दिवस महत्त्वाचे', 'या जिल्ह्यांना यलो अलर्ट'. होळी झाली की अशा हेडलाइन्स, रील्स आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड सुरू होतात आणि मान्सून येईपर्यंत थांबत नाहीत. चार दिवस जातात. अनेकांच्या गावात थेंबही पडत नाही. मग 'हवामान खात्याचा अंदाज पुन्हा चुकला' असं सांगणारे मीम्स येतात. त्याच चार दिवसांत पन्नास किलोमीटरवर कुणाची काढून ठेवलेली ज्वारी भिजलेली असते, कुणाच्या गोठ्याचे पत्रे उडालेले असतात, तर कुणाच्या घरातल्या माणसाचा शेतात वीज पडून मृत्यू झालेला असतो.

बऱ्याचदा अंदाज चुकलेला नसतो. त्यातल्या शब्दांचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचलेला नसतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती? 'यलो' म्हणजे काळजीचं कारण आहे की नाही? सोमवारी बघितलेला रविवारचा अंदाज कितपत खरा मानायचा? मार्च ते मे या काळात हे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात, कारण हा वर्षातला सर्वांत चकवा देणारा ऋतू आहे.

हवामान खात्याच्या कॅलेंडरमध्ये 'वसंत' नाही

पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने. भारतीय हवामान विभाग, म्हणजेच आयएमडी, मात्र वर्षाचे चार भाग करतं. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पूर्वमोसमी म्हणजे उन्हाळी हंगाम, जून ते सप्टेंबर मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ.

मार्च-एप्रिलमध्ये दोन ऋतू एकमेकांवर आदळतात. जमीन तापायला लागलेली असते. पण उत्तर भारतात हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी चक्रावात अजून पुरते थांबलेले नसतात. त्यांच्यासोबत वातावरणाच्या वरच्या थरात थंड हवा येते आणि कधीकधी ती महाराष्ट्रापर्यंत खाली उतरते. त्याच वेळी विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे थेट तमिळनाडू किंवा केरळपर्यंत हवेच्या कमी दाबाचा दक्षिणोत्तर पट्टा तयार होतो. बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. बातम्यांमध्ये 'वाऱ्यांची खंडितता' हा शब्द येतो तो हाच प्रकार.

खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड कोरडी हवा असली की वातावरण अस्थिर होतं. दुपारी जमीन पुरेशी तापली की ही हवा वेगाने वर उसळते आणि दोन-तीन तासांत उंचच उंच ढग उभे राहतात. हे ढग इतक्या उंचीवर जातात की त्यांच्या वरच्या भागात तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. वर ढकलल्या गेलेल्या पाण्याच्या थेंबांचा तिथे बर्फ होतो. वर चढणारी हवा जोरदार असेल तर ती बर्फाच्या गोळ्यांना ढगातच तोलून धरते आणि त्यांच्यावर थरांवर थर चढत जातात. वजन पेलेनासं झालं की गारा खाली येतात.

मान्सूनचा पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेल्या यंत्रणेतून पडतो. पूर्वमोसमी पाऊस मात्र असा एकेका ढगातून पडतो. एका गावात गारांचा खच आणि शेजारच्या गावात कडक ऊन, हे त्यामुळेच शक्य होतं. अपवादही आहेत. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राला वादळी पाऊस आणि गारपिटीने पुन्हा पुन्हा झोडपलं होतं. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं, सगळंच त्यात सापडलं. मार्च महिन्यात 'गारपीट' हा शब्द दिसला की शेतकरी आजही बिथरतो, त्यामागे ते दोन आठवडे आहेत.

एका वाक्याचा अर्थ लावूया

मार्च-एप्रिलमध्ये आयएमडीच्या बुलेटिनमध्ये वारंवार दिसणारं वाक्य साधारण असं असतं: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. म्हणजे नाशिक जिल्ह्यासाठी 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं म्हटलं असेल, तर जिल्ह्याचा निदान तीन चतुर्थांश भाग कोरडा राहील, हेही त्याच वाक्यात सांगितलेलं असतं. निफाडमध्ये पाऊस झाला आणि इगतपुरी, सिन्नर, मालेगाव कोरडं राहिलं, तरी अंदाज बरोबरच ठरला. मीम मात्र या कोरड्या तालुक्यांतून येतात.

'हलका ते मध्यम' ऐकून फार काही नाही असं वाटतं. आयएमडीच्या व्याख्येत २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, ६४.४ मिलिमीटरपर्यंतचा मध्यम आणि त्यापुढचा 'जोरदार'. ही मोजपट्टी वर्षभर तीच असते. जुलैमध्ये लोणावळ्यात १५ मिलिमीटर पाऊस कुणी पावसात धरत नाही. मार्चमध्ये तेवढाच पाऊस तासगावच्या बेदाणा शेडवर, वसमतमध्ये शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर किंवा लासलगावच्या आसपास काढून शेतात सुकवत ठेवलेल्या कांद्यावर पडला, तर वर्षाचं गणित बिघडतं. 'हलका' हे पाण्याचं माप आहे. नुकसान त्या मापाने होत नाही.

राहिला शब्द 'शक्यता'. आयएमडीच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये यासाठीही ठरलेली उतरंड आहे. 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. मराठी बातमीत येईपर्यंत या तिन्हींचं 'पाऊस पडणार' होऊन जातं. खरी गडबड इथे होते.

यलो, ऑरेंज, रेड: हे पावसाचं माप नाही

हिरवा रंग म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, अपडेट घेत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग मुळात प्रशासनाने काय करावं यासाठी आहेत. किती मिलिमीटर पाऊस, एवढ्यावरच ते ठरत नाहीत. वीज, वारा, गारपीट, उष्णता आणि त्यांचा संभाव्य परिणाम हेही त्यात धरलेलं असतं. आयएमडीच्या बुलेटिनखाली एक बारीक टीप असते. लाल रंगाचा इशारा म्हणजे 'रेड अलर्ट' नव्हे, त्याचा अर्थ 'कृती करा' असा आहे, असं ती टीप सांगते. सोशल मीडियावर ही टीप कुणी वाचलेली दिसत नाही.

या दिवसांत विजांसह पावसासाठी बहुतेक वेळा यलो अलर्टच असतो. ऑरेंज तुलनेने कमी वेळा येतो. त्यामुळे 'यलोच आहे ना' म्हणून सोडून देण्याची सवय लागते. पण जीव घेणारी वीज यलो अलर्टच्या दिवशीही पडते. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे शेतकरी, मेंढपाळ, ऊसतोड मजूर, वीटभट्टी कामगार यांच्यासाठी, विजांचा यलो अलर्ट हा पुरेसा गंभीर इशारा आहे. ऑफिसातून घरी जाणाऱ्यासाठी त्याचा अर्थ छत्री बरोबर ठेवा एवढाच असू शकतो.

आयएमडीचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो

ही छोटी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आयएमडीचा एखाद्या दिवसाचा इशारा त्या दिवशी सकाळी ८.३० पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत लागू असतो. बुधवारी पहाटे तीन वाजता आलेलं वादळ आयएमडीच्या हिशोबात मंगळवारचं असतं. पावसाची नोंदही सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते. 'मंगळवारी पाऊस सांगितला होता, बुधवारी पडला' अशा तक्रारींमागे कधीकधी एवढंच कारण असतं.

मुंबईत ३८ अंशांना लाट, नागपुरात ४४ अंशांनाही नाही. असं का?

याच काळात आठवड्याच्या अंदाजाचा दुसरा अर्धा भाग उष्णतेचा असतो. इथे आकड्यांची गंमत, खरं तर धोका, आणखी मोठा आहे.

उष्णतेची लाट ठरवण्यासाठी आयएमडीचे निकष जागेनुसार बदलतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, डोंगराळ भागात ३० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश असावं लागतं. शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. फरक ६.४ अंशांच्या वर गेला तर ती तीव्र लाट. मैदानी भागात पारा थेट ४५ अंशांवर गेला तर सरासरी न बघता लाट आणि ४७ वर तीव्र लाट. त्यावर आणखी एक अट आहे. हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असेल, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

मुंबईत सांताक्रूझची मार्चमधली सरासरी साधारण ३३ अंश. त्यामुळे पारा ३८ वर गेला की निकष पूर्ण होतो. नागपुरात मे महिन्यातली सरासरीच ४२ अंशांच्या पुढे असते. तिथे ४४ अंश झाले तरी तांत्रिकदृष्ट्या 'लाट' नाही. म्हणून विदर्भासाठीच्या बुलेटिनमध्ये लाटेचा इशारा दिसला नाही, तर ऊन सौम्य आहे असा अर्थ अजिबात नाही. लाट म्हणजे नेहमीपेक्षा किती वेगळं, एवढंच सांगणारा शब्द. शरीराला सरासरी कळत नाही.

मुंबईचा पारा मार्चमध्येच का उसळतो, याचं उत्तर वाऱ्यात आहे. एरवी दुपारच्या आसपास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि शहराला थोपवून धरतो. पूर्वेकडून जमिनीवरचे गरम वारे जोरात असतील, तर हा समुद्री वारा दोन-दोन तास उशिरा येतो आणि तेवढ्या वेळात तापमान पाच-सहा अंश वर जातं. सांताक्रूझला मार्चमधला विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ रोजीचा. म्हणजे 'मुंबईत एवढं ऊन कधीच नव्हतं' हे वाक्य दरवर्षी खरं नसतं.

किनारपट्टीवर उष्णतेइतकाच दमटपणा महत्त्वाचा. घाम वाळला तरच शरीर थंड होतं आणि दमट हवेत तो वाळत नाही. म्हणून कोकण आणि गोव्यासाठी 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा येतो. तापमानाचा आकडा ३५-३६ असला तरी हा इशारा हलक्यात घेण्यासारखा नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत असतो. उन्हात बसलेल्या माणसाला जे सोसावं लागतं ते त्यापेक्षा बरंच जास्त असतं. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. लाखो लोक तासन् तास उन्हात बसले होते. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरची नोंद सुमारे ३८ अंशांची होती. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ३८ हा आकडा चंद्रपूर किंवा अकोल्यातल्या माणसाला किरकोळ वाटेल. पण एप्रिलमध्ये लग्न, जत्रा, प्रचारसभा किंवा क्रिकेटचे सामने ठरवताना केवळ तापमानाचा आकडा बघणं पुरेसं का नाही, हे खारघरने दाखवलं.

'कमाल तापमानात पुढील तीन दिवसांत २ ते ३ अंशांनी वाढ' असं वाक्य दिसलं, तर आधी आज तापमान किती आहे ते बघा. ३५ वरून वाढणं आणि ४१ वरून वाढणं यांचा अर्थ एक नाही.

पहिला दिवस आणि सातवा दिवस सारखे नाहीत

मोबाइलमधल्या ॲपवर सात दिवसांची सात चित्रं एका ओळीत दिसतात. सगळी सारख्याच ठळकपणे. यामुळे होणारा गैरसमज मोठा आहे.

अंदाज संगणकीय मॉडेल्सवर तयार होतात. मॉडेल पृथ्वीवरच्या वातावरणाचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनात पुढे काय होईल याचं गणित मांडतं. पुण्यातल्या आयआयटीएम या संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत. त्याआधीचे १२ किलोमीटरचे होते. ही मोठी सुधारणा आहे. पण मार्चमधला गारांचा एखादा ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यातच असतो आणि तासाभरात संपतो. तो नेमक्या कोणत्या शिवारावर उभा राहील, हे पाच दिवस आधी कोणतंच मॉडेल सांगू शकत नाही. सुरुवातीच्या नोंदींमधली छोटी चूक दिवसागणिक वाढत जाते.

म्हणून सात दिवसांच्या अंदाजाकडे तीन तुकड्यांत बघणं बरं. आज आणि उद्याच्या अंदाजावर काम ठरवता येतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसासाठी साधारण कल असतो: वातावरण बिघडणार आहे, कुठल्या भागात, कोणत्या दिवसांत. त्यापुढचं वाचताना 'तेव्हा पुन्हा बघू' अशी टीप मनात जोडायची. आयएमडी दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांसाठीचा विस्तारित अंदाजही देतं. त्यात तारीखवार पाऊस नसतो, सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच असतं.

इथे शेतकऱ्याची अडचण लक्षात येते. सांगली, सोलापूरच्या पट्ट्यात द्राक्षं शेडवरच्या जाळ्यांवर टाकली की बेदाणा तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मधेच दमट हवा आली किंवा पाऊस झाला तर बेदाण्याचा रंग काळवंडतो आणि दर पडतो. निर्णय दोन आठवड्यांचा आणि भरवशाचा अंदाज दोन-तीन दिवसांचा. ही दरी कोणतंच ॲप भरून काढत नाही. 'पंजाबपासून कन्याकुमारीपर्यंत' सगळ्यांचे अंदाज ठामपणे सांगणाऱ्या यूट्यूब चॅनेल्सना एवढे प्रेक्षक मिळतात, ते याच दरीमुळे. महिनाभर आधी गावाचं नाव आणि तारीख घेऊन गारपीट सांगणारा माणूस विज्ञान सांगत नसतो, एवढं मात्र नक्की.

फॉरवर्ड आला तर आधी हे बघा

बुलेटिन कधी जारी झालं, ती तारीख आणि वेळ बघा. तीच क्रॉप केलेली असेल तर फॉरवर्ड तिथेच थांबवा. जुलैमधला लाल नकाशा एप्रिलमध्ये फिरणं नवीन नाही. मग 'राज्यात' म्हणजे नेमकं कुठे, ते शोधा. आयएमडीसाठी महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. विदर्भाचे अंदाज नागपूरचं प्रादेशिक केंद्र देतं, बाकीच्या तीन विभागांचे मुंबईचं केंद्र. विदर्भातला ऑरेंज अलर्ट 'महाराष्ट्राला ऑरेंज अलर्ट' म्हणून साताऱ्यात फिरतो तेव्हा गोंधळ होणारच.

'ढगफुटी' या शब्दाचंही तसंच. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिला ढगफुटी म्हणतात. प्रत्येक धो-धो पाऊस म्हणजे ढगफुटी नाही.

शेवटचे तीन तास

पूर्वमोसमी वादळांसाठी सर्वांत उपयोगी अंदाज आठवड्याचा नसतोच. तो तीन तासांचा असतो. त्याला 'नाऊकास्ट' म्हणतात. रडार आणि उपग्रहावर ढग प्रत्यक्ष दिसल्यावर तो दिला जातो, त्यामुळे तो अधिक नेमका असतो. सकाळी यलो अलर्ट बघितला असेल, तर दुपारी दोननंतर नाऊकास्ट बघत राहणं हा त्या अलर्टचा खरा उपयोग. आयएमडीच्या वेबसाइटवर आणि 'मौसम' ॲपवर तो मिळतो. विजांसाठी आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आसपासच्या परिसरात वीज पडत असेल तर सूचना देतं.

नेटवर्क नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज तेवढ्या किलोमीटरवर आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका. शेतात अडकलात तर आडवं न पडता पाय जवळ घेऊन उकिडवं बसा.

शहरात धोका विजेपेक्षा वाऱ्याचा जास्त असतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर प्रचंड मोठं होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. होर्डिंगचा दोष वेगळा, पण सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असताना होर्डिंग, जुनी झाडं आणि पत्र्याच्या शेडखाली आडोसा घेऊ नये, हे प्रत्येक बुलेटिनमध्ये लिहिलेलं असतं.

शेतीसाठी याच अंदाजावरून वेगळा कृषी सल्ला तयार होतो. आयएमडी आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली कृषी विद्यापीठं तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी देतात आणि तो 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो. त्यात मिलिमीटरची भाषा कमी आणि कामाची जास्त असते: काढलेला हरभरा ताडपत्रीने झाका, वारा असताना फवारणी टाळा, पुढचे दोन दिवस उभ्या गव्हाला पाणी देऊ नका. मंगळवारचा सल्ला पाच दिवसांसाठी असतो, पण शुक्रवारी नवा आला की जुना बाजूला ठेवायचा.